मायनस ४८ व्होल्ट म्हणजे नेमकं काय? आणि तो ३ व्होल्टच्या चिपने चालू-बंद करणं एवढं अवघड का?

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर असेल, तर त्याच्या खालची ती राखाडी कपाटं तुम्ही पाहिली असतील. आत बॅटऱ्या, वर पंख्यांची घरघर आणि बाजूला 'धोका'ची पाटी. या कपाटातून वर रेडिओकडे जी वीज जाते ती बहुतेक ठिकाणी 'मायनस ४८ व्होल्ट' असते. छापण्यात चूक झालेली नाही, मायनसच.

आता शाळेतलं विज्ञान आठवून कुणीही विचारेल, की व्होल्टेज मायनस कसं असेल? आणि असलंच तर त्याने काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो कळतो तेव्हा बऱ्याचदा एखादी चिप जळालेली असते.

मायनस म्हणजे 'कमी वीज' नव्हे

व्होल्टेज ही कायम दोन बिंदूंमधली गोष्ट असते. एकट्या वायरला व्होल्टेज नसतं, ते कशाच्या तरी तुलनेत असतं. ज्याच्या तुलनेत मोजायचं त्या बिंदूला इलेक्ट्रॉनिक्समध्ये 'ग्राउंड' म्हणतात आणि त्याला शून्य धरतात. विहिरीचा काठ शून्य धरला तर काठावर उभा असलेला माणूस वर आणि पाणी खाली. पाणी १२ मीटर खाली आहे म्हणजे ते 'कमी पाणी' आहे असं कुणी म्हणत नाही. मायनस १२ व्होल्टचंही तसंच आहे.

१२ व्होल्टची बॅटरी घ्या. मायनस टोकाला ग्राउंड म्हणालात तर दुसरं टोक प्लस १२. प्लस टोकाला ग्राउंड म्हणालात तर दुसरं टोक मायनस १२. बॅटरी तीच, शून्य कुठे धरलं तेवढाच फरक.

टेलिफोनवाल्यांनी नेमकं हेच केलं. बॅटरीचं प्लस टोक जमिनीला, म्हणजे अर्थिंगला जोडलं. कारण गंज. जुन्या काळी तांब्याच्या तारा ओल्या मातीतून जायच्या. तार जमिनीपेक्षा प्लस असेल तर ओलावा आणि वीज मिळून तिचा धातू हळूहळू मातीत उतरवतात. तार मायनस ठेवली की ही झीज बरीच टळते. जमिनीखालच्या पाइपलाइन आणि जहाजांचे तळ वाचवायला आजही हेच तत्त्व वापरतात.

आकडा ४८ कसा आला? लेड-ॲसिड बॅटरीचा एक सेल २ व्होल्टचा. असे २४ सेल ओळीने जोडले की ४८. प्रत्यक्षात चार्जर लावलेला असताना तिथे ५४ व्होल्टच्या आसपास असतात. लोडशेडिंगमध्ये घरात अंधार असायचा, पण लँडलाइन चालू असायचा, त्याचं श्रेय एक्स्चेंजमधल्या याच बॅटऱ्यांना. फोनला लागणारी वीज घरातून नाही, एक्स्चेंजमधून तारेवरूनच यायची.

टेलिफोनशिवाय बाकी ठिकाणी मायनस का लागतो? आवाजाचं उदाहरण सोपं आहे. स्पीकरचा पडदा पुढेही जातो आणि मागेही. त्याला हलवणारा सिग्नल शून्याच्या वरही जातो आणि खालीही. म्हणून मिक्सर, सिंथेसायझर, ऑप-ॲम्पवर चालणारे बहुतेक सर्किट यांना प्लस १२ आणि मायनस १२ (किंवा १५) अशा दोन्ही लाइन लागतात. या लाइनना 'रेल' म्हणतात. डेस्कटॉपच्या जुन्या एसएमपीएसमध्ये एक निळी वायर असते, ती मायनस १२ व्होल्टची.

बीसी५४७ लावला, दिवा लागला, पण विझेना

समजा, डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याला ऑडिओचं सर्किट करायचंय. मायनस १२ ची रेल त्याला मायक्रोकंट्रोलरने चालू-बंद करायची आहे. ईएसपी३२ बोर्ड आहे. त्याच्या पिनला दोनच गोष्टी येतात, शून्य व्होल्ट देणं किंवा ३.३ व्होल्ट देणं.

तो तेच करतो जे सगळे करतात. बीसी५४७ ट्रान्झिस्टर घेतो, १० किलोओहमचा रेझिस्टर बेसला लावतो, एमिटर 'खालच्या' लाइनला म्हणजे मायनस १२ ला जोडतो. टेस्टिंगसाठी लोड म्हणून एक छोटा एलईडी. पिन हाय केली, एलईडी लागला. पिन लो केली, एलईडी तसाच.

कोड तपासतो. कोड बरोबर. ट्रान्झिस्टर बदलतो. तरी तेच.

ट्रान्झिस्टरला तुमचं ग्राउंड माहीतच नसतं. त्याला फक्त आपला एमिटर माहीत असतो. बेस एमिटरपेक्षा साधारण ०.७ व्होल्टने वर गेला की तो चालू. इथे एमिटर मायनस १२ वर बसलाय. पिन 'लो' म्हणजे शून्य व्होल्ट. पण मायनस १२ वर बसलेल्याला हे शून्य १२ व्होल्ट वर दिसतं. पिन 'हाय' केली तर १५.३ व्होल्ट वर. दोन्ही वेळा त्याच्यासाठी उत्तर एकच, 'चालू'. हिशेब केला तर पिन लो असतानाही बेसमध्ये ११.३ भागिले १० किलोओहम, म्हणजे १.१ मिलिअँपिअर जातोय. छोटा एलईडी लावायला तेवढं पुरतं.

विहिरीच्या तळाशी एक माणूस उभा आहे आणि त्याला सांगितलंय, 'वरून दोरी खाली आली की झडप बंद कर.' काठावरचा माणूस दोरी काठापासून तीन हात वर उचलतो आणि परत काठाला टेकवतो. तळातल्याला दोरी कायम डोक्यावर खूप उंचच दिसणार.

गंमत पुढे आहे. बोर्ड रीसेट होतो तेव्हा पिन ना हाय असते ना लो, ती मोकळी सुटलेली असते. मग तो १० किलोओहमचा रेझिस्टर पिनलाच खाली, मायनसकडे ओढायला लागतो. चिपच्या प्रत्येक पिनवर आत संरक्षक डायोड असतात. पिन शून्याच्या खाली साधारण अर्धा-पाऊण व्होल्ट गेली की ते वाहायला लागतात आणि पिनला तिथेच धरून ठेवतात. बहुतेक चिपच्या डेटाशीटमध्ये पिनवर मायनस ०.३ किंवा ०.५ व्होल्टच्या खाली जाऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. १० किलोओहममुळे इथे करंट एक मिलिअँपिअरच आहे, म्हणून चिप बहुधा वाचेल. त्याच जागी कुणी १०० ओहम लावला तर वाचायची आशा नाही.

मग ग्राउंडची बाजू तोडली तर?

दुसरा विचार लगेच डोक्यात येतो. खालची बाजू जमत नसेल तर लोडची वरची, म्हणजे ग्राउंडकडची बाजू तोडू. एकट्या दिव्यासाठी हे चालून जाईल. ऑडिओत नाही. तिथे ग्राउंड सगळ्यांचं सामाईक असतं. सिग्नलच्या केबलचं शिल्ड, प्लस १२ ची परतीची वाट, सगळं तिथेच येतं. एका सर्किटचं ग्राउंड तोडलं की ते सर्किट खाली मायनसकडे सरकतं आणि मग सिग्नलच्या वायरमधून भलत्याच वाटेने करंट शोधत बसतं.

रिले लावता येतो. रिलेच्या कॉन्टॅक्टला प्लस-मायनसशी देणंघेणं नसतं. पण त्याचा टक्-टक् आवाज होतो, कॉन्टॅक्ट झिजतात, आणि ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास खाते. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूसाठी हे फार झालं.

उपाय आहे एक पीएनपी आणि दोन रेझिस्टर

आता खरी युक्ती. अडचण व्होल्टेजची आहे ना? मग निरोप व्होल्टेजने पाठवायचाच नाही, करंटने पाठवायचा. व्होल्टेज कशाच्या तुलनेत हा प्रश्न कायम येतो. करंटला तो प्रश्न नाही. एक मिलिअँपिअर काठावरून सोडला तर तळाशीही एक मिलिअँपिअरच पोहोचतो.

हे काम करतो बीसी५५७ सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर, पण नेहमीपेक्षा वेगळा जोडलेला. बेस थेट ग्राउंडला. एमिटर २.७ किलोओहममधून मायक्रोकंट्रोलरच्या पिनला. कलेक्टर खाली मुख्य स्विचच्या गेटला, आणि त्या गेटपासून मायनस १२ पर्यंत एक १० किलोओहम. मुख्य स्विच म्हणजे एन-चॅनल मॉसफेट. त्याचा सोर्स मायनस १२ ला, ड्रेन लोडच्या मायनस टोकाला. झालं सर्किट.

पिन लो, म्हणजे शून्य. पीएनपीचा बेसही शून्यावर आणि एमिटरही शून्यावर. फरक नाही, म्हणून करंट नाही. मग १० किलोओहम गेटला ओढून मायनस १२ वर नेतो. सोर्सही मायनस १२ वर. गेट-सोर्समध्ये फरक शून्य, मॉसफेट बंद. खराखुरा बंद.

पिन हाय, म्हणजे ३.३. एमिटर बेसपेक्षा ०.७ वर थांबतो, उरलेले २.६ व्होल्ट २.७ किलोओहमवर. म्हणजे जवळजवळ ०.९६ मिलिअँपिअर. एवढाच करंट कलेक्टरमधून खाली उतरतो आणि १० किलोओहममधून जाताना तिथे ९.६ व्होल्ट उभे करतो. गेट मायनस १२ पासून ९.६ ने वर, म्हणजे मायनस २.४ वर. ग्राउंडवरून बघणाऱ्याला गेट अजूनही मायनसमध्येच आहे. पण मॉसफेटच्या दृष्टीने गेट सोर्सच्या साडेनऊ व्होल्ट वर आहे आणि तो पूर्ण चालू आहे.

आणि बोर्ड रीसेट होताना, पिन मोकळी असताना? एमिटरला करंट कुठूनच मिळत नाही. स्विच बंदच राहतो. शिवाय पिनला खाली ओढणारं कुणी उरलेलं नाही, कारण मध्ये बेस ग्राउंडला बांधलेला ट्रान्झिस्टर बसलाय. आधीच्या सर्किटमधले दोन्ही दोष एका पन्नास पैसे-रुपयाच्या तुकड्याने गेले.

यातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे खाली मायनस १२ आहे की मायनस २४ की मायनस ४८, याने त्या करंटला फरक पडत नाही. तो ठरतो फक्त ३.३ व्होल्ट आणि २.७ किलोओहमवरून. म्हणून रेझिस्टर न बदलता हेच सर्किट मायनस ४८ वर लावलं तरी गेटला तेच साडेनऊ व्होल्ट मिळतात. उरलेलं सगळं व्होल्टेज पीएनपी आपल्या अंगावर घेतो. तेवढं त्याला झेपलं मात्र पाहिजे. बीसी५५७ ची मर्यादा ४५ व्होल्ट आहे, त्याला ५४ व्होल्टच्या लाइनवर लावणं म्हणजे जुगार. तिथे ६५ व्होल्टचा बीसी५५६ घ्यायचा. मॉसफेटमध्येही तेच. आयआरएफझेड४४एन हा ५५ व्होल्टचा, तो मायनस १२ ला मजेत चालतो. ४८ साठी १०० व्होल्टचा आयआरएफ५४०एन.

आर्डुइनो उनोसारखा ५ व्होल्टचा बोर्ड असेल तर करंट वाढतो, १.६ मिलिअँपिअर होतो. मायनस १२ वर त्याने बिघडत नाही, कारण गेट ग्राउंडच्या जरा वर जाऊन अडतो. मायनस ४८ वर मात्र गेटला १६ व्होल्ट मिळतील आणि मॉसफेटच्या गेटची मर्यादा सहसा २० असते. २.७ च्या जागी ४.७ किलोओहम लावला की आकडा परत ९ च्या आसपास. तरीही गेट आणि सोर्सच्या मध्ये १२ व्होल्टचा एक झीनर डायोड टाकून ठेवणारे लोक शहाणे समजावेत.

ऑप्टोकप्लर, म्हणजे पीसी८१७ सारखा भाग वापरूनही हे जमतं. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला उजेडावर चालणारा ट्रान्झिस्टर, मध्ये तारेचा संबंधच नाही. सुरक्षिततेला उत्तम. पण तो गेटला थेट ग्राउंडपर्यंत खेचतो. मायनस १२ वर म्हणजे १२ व्होल्ट, ठीक. मायनस ४८ वर तसाच लावलात तर गेटवर ४८ व्होल्ट, मॉसफेट संपला.

मॉसफेट उलटा बसला तर काय होतं

मॉसफेटच्या पोटात एक डायोड असतो, सोर्सकडून ड्रेनकडे वाहणारा. बरोबर जोडला तर तो गप्प राहतो. ड्रेन-सोर्सची अदलाबदल झाली की तोच डायोड सरळ रस्ता बनतो आणि रेल कधीच बंद होत नाही. पिन हाय करा, लो करा, काहीही करा. 'लॉजिक चालत नाही' म्हणून दोन दोन दिवस कोड उकरणारे आणि शेवटी मॉसफेट उलटा निघालेले विद्यार्थी कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये सापडतील.

दुसरी बाब वेगाची. हे सर्किट बंद होताना गेटमधला साठा १० किलोओहममधून निचरा होतो. त्याला काही दहा मायक्रोसेकंद लागतात. रेल चालू-बंद करायला हे भरपूर झालं, पीडब्ल्यूएमने हजारो वेळा टकटक करायची असेल तर नाही.

तिसरी म्हणजे दोन्ही रेल एकत्र. ऑप-ॲम्पला प्लस १२ मिळाला आणि मायनस नाही, तर त्याचं आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटू शकतं. पुढे पॉवर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर असेल तर आधी 'धप्प' आवाज, आणि तो डीसी तसाच राहिला तर स्पीकरची कॉइल तापून जळते. म्हणून प्लस बाजूला याचंच आरशातलं रूप लावतात, पीएनपीऐवजी एनपीएन, एन-चॅनलऐवजी पी-चॅनल. आणि दोन्ही एकाच पिनवरून चालवतात, म्हणजे एक आली आणि दुसरी राहिली असं होत नाही.

५जी मध्ये हाच मायनस जीव वाचवतो

आता परत गच्चीवर जाऊ. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. त्यातला ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा बँड असा चालतो, की एकाच फ्रीक्वेन्सीवर टॉवर थोडा वेळ बोलतो आणि थोडा वेळ ऐकतो. मिलिसेकंदांच्या हिशेबात ही अदलाबदल चालू असते.

या रेडिओंमध्ये आता मोठ्या प्रमाणावर गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर वापरतात. आणि यांचा स्वभाव उलटा आहे. साध्या मॉसफेटच्या गेटला काही दिलं नाही तर तो बंद असतो. रेडिओतला हा गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर गेटला शून्य दिला की पूर्ण उघडा असतो. त्याला आवरायला गेटवर मायनस व्होल्टेज लागतं. काम करताना साधारण मायनस २ ते ३, पूर्ण बंद करायला मायनस ५ किंवा त्याहून खाली. ड्रेनवर मात्र २८ ते ५० व्होल्ट असतात.

समजा मायनस पोहोचायच्या आधी ड्रेनचे ५० व्होल्ट आले. ट्रान्झिस्टर सताड उघडा, करंटला अडवायला कुणी नाही. काही क्षणांत महागडा भाग संपतो. म्हणून त्याचा क्रम ठरलेला आहे, आधी गेटचा मायनस, मग ड्रेन. बंद करताना आधी ड्रेन, मग गेट. आणि टॉवर 'ऐकत' असतो तेव्हा ॲम्प्लिफायर गप्प करायला हाच मायनस गेट झटपट खाली-वर करावा लागतो. हुकूम देणारी चिप इथेही १.८ किंवा ३.३ व्होल्टचीच. प्रश्न तोच, फक्त दहा किलोओहमच्या आरामशीर रेझिस्टरला इथे जागा नाही. त्याऐवजी खास वेगवान ड्रायव्हर चिप बसतात, ज्या मायनस जागेवर आहे की नाही हेही तपासतात.

किंडलसारख्या ई-रीडरमध्येही हा खेळ चालतो. ई-इंकच्या पडद्याला पान बदलताना प्लस १५, मायनस १५ आणि त्याखेरीज साधारण प्लस २२, मायनस २० व्होल्ट लागतात. पान उलटलं की या सगळ्या रेल बंद, चित्र तसंच राहतं. बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते ती यामुळे.

करून बघायचं असेल तर

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळे भाग सहज मिळतात. सुरुवात मायनस १२ वर करा. टॉवरच्या किंवा यूपीएसच्या बॅटऱ्यांवर प्रयोग नको. ४८ व्होल्टचा झटका त्या मानाने सौम्य, पण बॅटरी शॉर्ट झाली तर पाना वितळतो.

ऑसिलोस्कोप वापरत असाल तर त्याच्या प्रोबचा तो काळा क्लिप मायनस रेलला लावू नका. गेट-सोर्समधला फरक बघायचाय म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण तो क्लिप स्कोपच्या आतून थेट अर्थिंगला जोडलेला असतो. तुमच्या सर्किटचं ग्राउंडही लॅपटॉपच्या यूएसबीतून अर्थिंगला गेलेलं असेल, तर क्लिप लावताक्षणी मायनस १२ आणि ग्राउंड शॉर्ट. क्लिप ग्राउंडलाच ठेवा, एक प्रोब गेटवर, दुसरा सोर्सवर, आणि वजाबाकी स्कोपला करू द्या.

आणि मायक्रोकंट्रोलर सगळ्यात शेवटी जोडा. आधी २.७ किलोओहमचं मोकळं टोक एका वायरने ग्राउंडला लावून बघा. मल्टिमीटरवर गेट मायनस १२ दाखवायला हवा. मग तेच टोक ३.३ व्होल्टला लावा. गेट मायनस अडीचच्या जवळपास आला तर बोर्ड जोडायला हरकत नाही. त्याऐवजी गेट मायनस १२ वरच बसून राहिला, तर पीएनपीची जोडणी बहुधा कुठेतरी चुकली आहे. बीसी५५७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.